पुतळ्यांची माळ आणि सव्वाचार तासांचं व्हेनिस

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, खाली सही 'हिरमुसलेली'. सात पानं हाताने लिहून फोटो काढून पाठवलीत (अक्षर काय सुरेख हो!), सगळं देणं शक्य नाही म्हणून मधलं मधलं गाळून देतेय.

"ताई, हे बँकेतून रिटायर झाले आणि आम्ही जूनमध्ये दहा दिवसांची युरोप टूर केली. ह्यांना खरं तर फक्त व्हेनिस बघायचं होतं. शाळेत असताना थिएटरात अमिताभ आणि झीनत अमान गोंडोल्यात बसलेले बघितले तेव्हापासूनचं वेड. आणि प्रत्यक्षात काय, तर 'व्हेनिसचं हॉटेल' निघालं मेस्त्रे नावाच्या गावात हायवेला लागून. व्हेनिसमध्ये आम्ही एकूण सव्वाचार तास, त्यातला पाऊण तास काचेच्या कारखान्यात, तासभर गोंडोल्याच्या लाइनीत. गोंडोल्यात आम्ही दोघं आणि नागपूरचं तिघांचं कुटुंब, नावाडी पूर्ण वेळ फोनवर. गाणं नाही, वर पाण्याला वास. मोठ्या चर्चच्या आत जायला वेळ नाही म्हणाले. चौकात बसून दोन कॉफ्या घेतल्या, त्याचं बिल मी इथे लिहीत नाही. शेवटी टॉयलेट शोधता शोधता रस्ता चुकलो, कुठल्यातरी रिकाम्या आवारात एका दगडी विहिरीपाशी बसून माझ्याजवळच्या दशम्या खाल्ल्या, परत आलो तर टूर मॅनेजरने सगळ्यांदेखत झापलं. रात्री हे एक शब्द बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले. आणि घरी आल्यापासून जो भेटेल त्याला 'व्हेनिस म्हणजे स्वर्ग! एक नंबर!' मी नणंदेला खरं काय ते सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यात पुतळ्यांची माळ झाली असती वहिनी (तिच्याकडे आहे, सासूबाईंची). त्यावरून हे माझ्यावरच भडकले, तुला कशाचं कौतुकच नाही म्हणून. ताई, चूक कोणाची? मी पण आता खोटं बोलू का? आणि मैत्रिणीची मुलगी डिसेंबरात लग्न करून फेब्रुवारीत हनिमूनला व्हेनिसला जायचं म्हणतेय, तिला काय सांगू?"

अहो ताई, नणंदबाईंच्या माळेवर मी शेवटी येते. तिथे माझ्याकडे हुकमाचं पान आहे, ते आत्ताच टाकत नाही.

आधी चुकीचं बघू. तुमची नाही, ह्यांची नाही, आणि टूरवाल्यांचीही पूर्ण नाही, जरी त्यांना एवढ्या स्वस्तात सोडायचं माझ्या जिवावर येतंय. मी स्वतः २०११ ला अशीच एका ग्रुपबरोबर गेले होते, जुलै महिना, छत्रीच्या टोकाला लाल रुमाल बांधलेल्या गाईडच्या मागे पळत पळत, आणि संध्याकाळी बसमध्ये शेजारच्या काकू म्हणाल्या "छान होतं नाही!" आणि मी "हो ना" म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. मनात एकच, की सगळ्या जगाला आवडतं ते मला का नाही आवडलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे का. मग २०१८ ला भाची पादुआला शिकायला होती, तिच्याकडे नोव्हेंबरात गेले, पादुआ तिथून ट्रेनने अर्ध्या तासावर, आणि मी हट्टाने तीन दिवस व्हेनिसच्या आतच राहिले, एका खोलीत जिथे बॅग उघडली की दार बंद होत नव्हतं. तेव्हा कळलं की २०११ ला बघितलं तेही खरंच होतं, फक्त ते सकाळी दहा ते संध्याकाळी पाचचं व्हेनिस होतं. तुम्हाला पण तेच मिळालं.

म्हणजे बघा, जुन्या शहरात, त्या पाण्यातल्या बेटांवर, १९५१ साली जवळजवळ पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रियाल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून हा आकडा लावून ठेवलाय, आपल्याकडे क्रिकेटचा स्कोअर लावायचे तसा, फक्त हा स्कोअर उतरत जातो. घर एखाद्या कुटुंबाला भाड्याने देण्यापेक्षा चार-चार दिवसांच्या पाहुण्यांना दिलं की पैसे जास्त, मग कुटुंब जातं मेस्त्रेला, कुटुंब गेलं की किराणावाल्याचं गिऱ्हाईक गेलं, त्याच्या जागी मुखवटे आणि फ्रीज मॅग्नेटचं दुकान येतं. गर्दीच्या दिवशी तिथे राहणाऱ्यांपेक्षा बघायला आलेले जास्त असतात, आणि त्यातले कितीतरी तुमच्या-माझ्यासारखे, सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे. तुम्हाला जे भकास वाटलं ना, एवढ्या गर्दीत सुद्धा भकास, ते तुमच्या मनाचे खेळ नव्हते. लग्नाच्या हॉलमध्ये घरचं माणूस एकही भेटू नये तसं ते होतं.

मेस्त्रेचं म्हणाल तर ब्रोशरमध्ये 'व्हेनिस' छापलं ते कागदोपत्री खोटं पण नाही हो, मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत येतं! (कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला महापालिकांच्या जोड्या काय असतात ते मी काय सांगणार.) बेटांवर हॉटेलं महाग, बस आत जाऊ शकत नाही, म्हणून ग्रुपला मुक्कामाला मेस्त्रे, सकाळी बस ट्रोन्केत्तोच्या पार्किंगला, तिथून बोट, आणि बोट लावतात सान मार्कोच्या (तोच तो मोठ्या चर्चचा चौक) धक्क्याला, म्हणजे सगळं जग जिथे उतरतं तिथेच आणि सगळं जग उतरतं तेव्हाच. जूनमध्ये. ऊन डोक्यावर. २०२४ पासून एका गाईडबरोबर जास्तीत जास्त २५ माणसं आणि लाउडस्पीकर बंद असा नियम आहे. तुमच्या ग्रुपचे दोन तुकडे करून कानात ते यंत्र घातलं होतं असं तुम्ही लिहिलंय, ते त्यामुळे. त्याच वर्षीपासून गर्दीच्या ठराविक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेश फी लावली, २०२५ ला ती ऐनवेळी काढणाऱ्यांसाठी दहा केली. आणि रात्री मुक्कामाला राहणाऱ्याला ही फी नाही! (हॉटेलवाला दर रात्रीचा वेगळा कर घेतो, पण तो सगळीकडेच असतो.) शहर अजून किती स्पष्ट सांगणार, की बाबांनो येताय तर राहा.

वासाचं पण सांगते, कारण लोक उगाच नाक मुरडून 'घाण शहर' म्हणतात. जमिनीखालून आपल्यासारखी मोठी गटारं टाकायला तिथे जमीन आहे कुठे, बरंचसं सांडपाणी जुन्या दगडी नळ्यांतून नाहीतर सेप्टिक टँकमधून शेवटी कालव्यातच जातं आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ते धुऊन नेते. शतकानुशतकं असंच चाललंय. त्यामुळे उन्हाळा आणि ओहोटी एकत्र आली की लहान कालव्यात वास येणारच. तुमची वेळ ओहोटीची असावी. नोव्हेंबरात मला अजिबात आला नाही, नुसता थंड दगडाचा आणि कोणाच्या तरी घरी कांदा परततायत त्याचा.

आता गोंडोला. हा भाग वाचताना मला खरा राग आला, पण तुम्हाला आला त्या कारणाने नाही.

सरकारी दर दिवसा नव्वद युरो, तीस मिनिटं, संध्याकाळी सातनंतर एकशेदहा युरो, पस्तीस मिनिटं. हे अख्ख्या नावेचे हां, माणशी नाही. नावेत जास्तीत जास्त पाच जण. म्हणजे पाच भरले की माणशी अठरा युरो पडतात, टूरच्या हिशोबात बसतात, म्हणून नागपूरकर. (२०२० पर्यंत सहा बसवायचे, मग पाच केले, कारण हल्लीचे प्रवासी वजनदार झालेत असं गोंडोलावाल्यांनीच सांगितलं. मी वाचून दोन दिवस भात सोडला होता.) गाणं भाड्यात नसतंच, गाणारा वेगळा ठरवायचा, वेगळे पैसे द्यायचे, आणि टुरिस्ट लोक फर्माईश करतात ते गाणं बऱ्याचदा नेपल्सचं असतं, म्हणजे वरळीच्या कोळ्याला भांगडा म्हणून दाखव म्हटल्यासारखंच की. तुमच्या ह्यांनी सिनेमात बघितलं त्या नावेत हीरो, हीरोइन आणि नावाडी अशी तीनच माणसं. पाच जणांचा, गुडघ्याला गुडघे लागलेला गोंडोला कुठल्याच डायरेक्टरने कधी दाखवला नसेल.

पण माझा राग वेगळाच आहे. तुम्ही अर्धा तास ज्या नावेत बसलात ती नाव वाकडी असते हे तुम्हाला कोणी सांगितलं का? मुद्दाम वाकडी बांधतात, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद, कारण नावाडी एकटा, वल्हं एकच, ते पण उजव्या अंगाला, त्यामुळे सरळ बांधली तर नाव जागेवर गोल फिरत बसेल. जवळपास २८० तुकडे, आठ जातींचं लाकूड. तो फोनवर बोलत होता म्हणता, तर एका हाताने फोन धरून, अकरा मीटर लांबीची वाकडी नाव, दोन्ही बाजूला वीतभर जागा असलेल्या बोळातून, भिंतीला न घासता नेत होता तो! उद्धट होता, मान्य. पण तुमच्या ह्यांनी शेचाळीस वर्षं ज्या नावेचं स्वप्न बघितलं तिच्याबद्दल एक वाक्य सांगायला सव्वाचार तासांत कोणाला वेळ मिळाला नाही, आणि काचेच्या फुलदाण्यांचा भाव सांगायला मात्र पाऊण तास होता. ह्यात मी टूरवाल्यांना सोडणार नाही.

कॉफीचं दुःख मी समजू शकते पण त्यात शिकण्यासारखं एवढंच की इटलीत काउंटरला उभ्याने प्यायची, एस्प्रेसो साधारण दोन युरोच्या आत मिळते, बसलात की खुर्चीचे पैसे, आणि सान मार्कोच्या चौकात बसलात की समोर वाजणाऱ्या व्हायोलिनचे पण पैसे बिलात. बिल आल्यावर ह्यांचा चेहरा मला इथे बसून दिसतोय. सोडा.

आणि तुम्ही ज्याला 'रस्ता चुकलो' म्हणता त्याबद्दल. व्हेनिसचे सहा भाग आहेत, सेस्तिएरे म्हणतात, आणि घराचा नंबर रस्त्याप्रमाणे नाही तर अख्ख्या भागाप्रमाणे चालतो. आमच्या पुण्यात नुसतं 'सदाशिव पेठ अमुक अमुक' असतं आणि तो वाडा शोधायला तीन जणांना विचारावं लागतं ना, डिट्टो तसंच. कास्तेल्लो नावाच्या भागात हे नंबर सहा हजारांच्या वर जातात. त्यात गल्ली मध्येच पाण्यात संपते, मोबाइलचा नकाशा उंच भिंतींमध्ये गडबडतो. न चुकता तिथे पोस्टमनच फिरत असेल. तेव्हा टूर मॅनेजरने झापलं ते मनातून काढून टाका. त्याला बोट चुकायची भीती होती, त्याच्या नोकरीचा प्रश्न, तेवढंच ते.

आता ती विहीर. ताई, तुम्ही पाचव्या पानावर एक वाक्य लिहून खोडलंय, फोटोत नीट वाचता येतं. "तिथे मात्र बरं वाटलं होतं." का खोडलंत?

तुम्ही बसलात ती विहीर नाहीच आहे मुळात. दिसते आपल्या आडासारखी, पण खाली झरा नाही. चारी बाजूंनी पाण्यात बुडालेलं शहर, आणि प्यायला थेंब नाही, कारण सगळं पाणी खारट. मग त्यांनी काय केलं, तर अख्खा चौकच फिल्टर केला. चौकाखाली मोठा खड्डा, त्याला चिकणमातीचं अस्तर म्हणजे खारं पाणी आत येणार नाही, मग त्यात वाळू, मधोमध विटांची नळी, आणि वर फरशी, फरशीला हलका उतार आणि दगडाला भोकं. पाऊस पडला की पाणी भोकांतून खाली, वाळूतून गाळत गाळत मधल्या नळीत, आणि तिथून बादलीने वर. १८८४ ला पलीकडच्या मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आणलं तोपर्यंत सगळं शहर ह्याच्यावर जगलं. अशी दगडी तोंडं अजून शेकड्याने शिल्लक आहेत, वर झाकण बसवलंय. म्हणजे तुम्ही दोघं एका जुन्या पाण्याच्या टाकीवर बसून दशम्या खात होतात, आणि तुमचे पाय होते तो फिल्टर. (आणि हो, तिथे असं बसून खायला दंड आहे, शंभर-दोनशे युरोपर्यंत जातो. पोलीस आला नाही ते नशीब! नाहीतर नणंदबाईंनी माळेबरोबर कानातलीही मोजली असती.)

मी तुम्हाला असं मुळीच सांगणार नाही की तेच खरं व्हेनिस आणि बाकीचं खोटं. असं बोलणारे लोक मला जरा आगाऊ वाटतात. गोंडोल्याची लाइन तेवढीच खरी, त्या लाइनीवर तिथल्या कितीतरी लोकांची पोटं आहेत. मी फक्त एवढं बघतेय की सव्वाचार तासांतली ती वीसेक मिनिटं कुठल्या कार्यक्रमात नव्हती आणि ती तुम्ही दोघांनीच बघितली, आणि त्याबद्दल ह्यांनी घरी आल्यावर एकालाही सांगितलेलं नाही. सगळ्या पत्रात कुठे तसं नाही. स्वर्ग, एक नंबर, सगळं चौकाबद्दल आणि गोंडोल्याबद्दल.

मग हे खोटं बोलतात का? मला नाही वाटत. अठराव्या शतकात तिथे कॅनालेट्टो म्हणून चित्रकार होता, श्रीमंत इंग्रज पाहुणे व्हेनिस बघायला यायचे आणि जाताना त्याची चित्रं विकत घेऊन जायचे, आपण फोटो आणतो तशी. इतकी बारीक चित्रं की खिडक्या मोजाव्यात. पण त्याने कितीदा तरी इमारती थोड्या इकडे-तिकडे सरकवल्यात, एका जागेवरून दिसणारच नाही असं सगळं एका चित्रात बसवलंय. पाहुणे घरी जाऊन भिंतीवर लावायचे आणि सांगायचे हे बघा, असं आहे. तुमचे हे दिवाणखान्यात बसून तेच करतायत हो, त्यांनी फक्त नागपूरचं कुटुंब चित्रातून काढून टाकलंय.

आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसाला सगळं माहीत असतं. त्यांना तुम्ही वेगळं सांगायची गरज नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. साठाव्या वर्षी, एफडी मोडून, लहानपणापासून मनात धरलेली एकच गोष्ट बघायला जावं आणि ती अशी निघावी, वर बायकोने ते बहिणीला सांगावं, आणि बहिणीने पैशांचा हिशोब काढावा. ते तुमच्यावर भडकले तेव्हा बहिणीसमोर उघडे पडले म्हणून भडकले. तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत, पण बोललात चुकीच्या माणसाजवळ, एवढं मी म्हणेन. ते आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं, त्याच रात्री, मेस्त्रेला. पण तेव्हा तुम्ही पण दमला होतात, पाय सुजले होते असं लिहिलंय, तेव्हा तेही जाऊ दे.

खोटं बोलायला शिकू नका, जमणार पण नाही, तुमच्या सात पानांवरून दिसतंय. कोणी विचारलं तर म्हणा गर्दी फार होती, उन्हाने जीव गेला, आणि मग त्या विहिरीचं सांगा. पावसाचं पाणी, वाळू, सगळं. बघा हे मध्ये बोलतात की नाही. बँकेतला माणूस आहे, साठवणुकीच्या गोष्टीत रस घेणारच! आणि एकांतात 'तुम्ही खोटं का बोलता' असं चुकूनही विचारू नका. विचारायचंच तर हे विचारा की त्या विहिरीपाशी बसलो होतो तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, मला आठवत नाहीये. आठवत असलं तरी विचारा.

मैत्रिणीच्या मुलीचं. तिला 'जाऊ नकोस' म्हणू नका, ऐकणार नाही, आणि का ऐकावं. पण फेब्रुवारी म्हटल्यावर आधी तिला कार्निव्हलच्या तारखा बघायला सांगा. तो दरवर्षी वेगळ्या तारखांना असतो, ईस्टरच्या हिशोबाने, त्या दिवसांत मुखवटे घातलेली गर्दी आणि हॉटेलचे भाव दोन्ही आकाशाला. हौस असेल तर तेव्हा जावं, नाहीतर तो संपला की लगेच, तेव्हा शहर रिकामं, धुकं, थंडी, आणि हनिमूनला धुकं काही वाईट नाही. मुक्काम आतच, दोन रात्री तरी, त्यासाठी दुसरं एखादं शहर गाळावं लागलं तरी गाळायचं. कान्नारेज्जो किंवा कास्तेल्लोच्या आतल्या बाजूला बघायचं, सान मार्कोला चिकटून नको. चाकाच्या मोठ्या बॅगा अजिबात नकोत, पुलाला पायऱ्या असतात आणि पूल चारशेच्या वर आहेत, पहिल्याच दिवशी भांडण होईल. थंडीत कधी कधी भरतीचं पाणी सान मार्कोच्या चौकात येतं, तो सगळ्यात सखल भाग, पण मोठी भरती असली तर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी पोलादी दरवाजे उचलतात, त्यामुळे २०१९ च्या पुरासारखा हाहाकार सहसा होणार नाही. घोट्याएवढं पाणी आलं तर फोटो काढावेत, दुसरं काय.

बोटीचा पास घ्यायला सांगा, कारण सुटं तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटांचं, महागात पडतं. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून मुंगीच्या पावलाने जाते, संध्याकाळी दिवे लागल्यावर पुढच्या उघड्या जागेवर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, गोंडोल्याची अर्धी हौस तिथेच फिटते. उरलेली अर्धी दोन युरोत फिटते, कारण मोठ्या कालव्यावर पूल चारच, मध्ये मध्ये त्रागेत्तो नावाची साधी गोंडोल्यासारखीच नाव नुसती पलीकडे सोडते, दोन मिनिटं, तिथली माणसं उभ्यानेच जातात. आणि सकाळी सातला सान मार्कोचा चौक बघायचा. सातला. मी गेले तेव्हा एक झाडूवाला, एक कुत्रं फिरवणाऱ्या आजी आणि मी, वर चर्चवर ते चार घोडे, (वर दिसतात ते नकली बरं का, असली आत ठेवलेत. ते पण व्हेनिसचे नव्हेतच, १२०४ ला कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले. मग १७९७ ला नेपोलियनने व्हेनिसकडून लुटून पॅरिसला नेले, १८१५ ला परत आले.) तिथे उभी राहून मला २०११ च्या त्या बसमधल्या काकूंची आठवण आली. त्यांना खरंच छान वाटलं होतं का, की त्यांनी पण माझ्यासारखंच केलं होतं, आता कधी कळणार नाही.

शाकाहारी असेल तर उपाशी राहायची नाही, पण रियाल्टोजवळच्या त्या छोट्या दारूच्या ठेल्यांमध्ये, बाकारो म्हणतात, पावावर बहुतेक मासे असतात, विचारून घ्यायचं. पाणी विकत घ्यायचं नाही, चौकाचौकात नळ आहेत, पिण्याचं आहे, फुकट.

आता माळ.

नणंदबाई म्हणाल्या ना, एवढ्यात पुतळ्यांची माळ झाली असती. अहो, पुतळी कुठली? पुतळी व्हेनिसचीच!

खरंच सांगतेय. व्हेनिसने १२८४ साली सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली, डुकाट, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळपास शुद्ध, आणि पुढे पाचशे वर्षं, १७९७ ला त्यांचं राज्य बुडेपर्यंत, वजन आणि छाप जवळजवळ बदललाच नाही. त्यामुळे जगात कुठेही डोळे मिटून घ्यायचे ते. ही माणसं मिरी-मसाले घ्यायची आपल्या किनाऱ्यावरून आलेले, मध्ये अरब, इजिप्त असे चार हात, आणि त्या बदल्यात ही नाणी इकडे वाहत यायची. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला तेव्हा व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला तो ह्याच धंद्यापायी, तरीही नाणी येतच राहिली. नाण्यावर उभी माणसं कोरलेली, म्हणून आपल्या लोकांनी नाव ठेवलं पुतळी. पेशवाईच्या हिशोबात होन, मोहरा यांच्याबरोबर पुतळ्या असतात त्या ह्याच, आणि जुन्या मराठी कोशांत पुतळीचा एक अर्थच व्हेनिसचं सोन्याचं नाणं असा दिलाय. बायकांनी ती ओवून गळ्यात घातली, मग आपल्याच सोनारांनी नकला पाडल्या, त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून नुसत्या रेघोट्या काढल्या, आणि आज सराफाकडे मिळते ती त्याची पातळ नात-पणती.

आणि ती नाणी जिथे पाडायचे ती टांकसाळीची इमारत अजून उभी आहे, सान मार्कोच्या धक्क्यावर, आता तिथे ग्रंथालय आहे. तुम्ही बोटीतून उतरून उन्हात गाईडची वाट बघत उभ्या होतात ना, तिथून चालत काही मिनिटं.

तेव्हा नणंदबाई पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांना म्हणावं ती सासूबाईंची माळ घेऊन या. ह्यांचं भिंग असेलच, बँकेत सह्या बघायचं. एकेक पुतळी नीट बघा, एका बाजूला गुडघ्यावर बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर उभा संत, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी, आणि दुसऱ्या बाजूला लांबट गोलात उभा येशू, भोवती चांदण्या. बहुतेक नक्कलच निघेल, पण जुनी नक्कल असली तरी चालेल. दिसलं काही तर आधी ह्यांना हाक मारा, नणंदेला मागाहून दाखवा, आणि मला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा.